पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देताय? आधी पॉलिसीतली ‘वापराची मर्यादा’ वाचा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या दारात गाडी उभी आहे, महिन्याला हप्ता जातोय आणि “नुसती उभी राहण्यापेक्षा दोन पैसे मिळतील” असा विचार डोक्यात येतोय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आपल्या कोल्हापुरात असे शेकड्याने लोक असतील. गेल्या डिसेंबरापर्यंत मीही त्यातलाच होतो.

मी उद्यमनगरात एका कारखान्यात हिशोब बघतो. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून स्विफ्ट घेतली. हप्ता ९,८०० रुपये. कामावर जायला दुचाकी, त्यामुळे गाडी बाहेर निघायची ती रविवारी जोतिबाला, नाहीतर लग्नसराईत. बाकी सहा दिवस तिच्यावर धूळ आणि गल्लीतल्या पोरांची बोटं.

शेजारचा एक पोरगा म्हणाला, “काका, गाडी नुसती उभीच हाय की. माझ्या ग्रुपवर टाकतो. दिवसाला अठराशे कुठं गेलं न्हाईत.” ग्रुप म्हणजे व्हॉट्सअॅपचा. ‘सेल्फ ड्राईव्ह उपलब्ध’ असं लिहून गाडीचा फोटो टाकायचा. घेणाऱ्याचं लायसन आणि आधार बघायचं, पाच हजार डिपॉझिट घ्यायचं, स्टॅम्पवर सही घ्यायची, किल्ली द्यायची. बस्स.

चार महिन्यांत सात वेळा गाडी दिली. एकूण चौदा दिवस, २५,२०० रुपये. तिघांनी तर धुऊन आणून दिली. मला वाटलं, एवढं सोपं होतं तर आधी का नाही केलं?

आठव्या वेळी गाडी गणपतीपुळ्याला गेली. चार पोरं, चांगल्या घरची, सगळ्यांकडे लायसन, कुणी प्यालेलं नव्हतं. परत येताना आंबा घाट चढून वर आल्यावर पहाटेच्या धुक्यात गाडी एका दुचाकीला धडकली आणि पुढे जाऊन कठड्यावर आदळली. दुचाकीवर शाहूवाडी तालुक्यातले एक दूधवाले होते, वय पन्नाशीच्या पुढचं. दोन्ही कॅन रस्त्यावर सांडले आणि त्यांचा उजवा पाय मांडीत मोडला. पोरांना खरचटलं. गाडीचा पुढचा भाग राहिलाच नाही. गॅरेजचं एस्टिमेट आलं २,७४,००० रुपये.

पहिल्या दिवशी मी निवांत होतो हो. फुल इन्शुरन्स आहे, झिरो डेप आहे, एकही हप्ता चुकवलेला नाही. भ्यायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी एजंट आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “साहेब, गाडी कोण चालवत होतं?” मी सगळं सांगितलं. तो गप्प झाला. मग दार ओढून घेऊन म्हणाला, “हे कुणाला बोलला नाही ना? क्लेम फॉर्मवर लिहा, मेव्हण्याच्या मित्राला दिली होती, सहज. भाडं हा शब्द कुठंही यायला नको.”

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा माझी पॉलिसी उघडून वाचली. त्यात ‘वापराच्या मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो. खाजगी कारच्या पॉलिसीत हा मजकूर देशभर जवळपास सारखाच आहे. गाडी कुठल्याही कामासाठी वापरा, पण पुढच्या गोष्टी सोडून : भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर, मालवाहतूक, शर्यती, वेगाच्या चाचण्या, मोटार धंद्याशी संबंधित वापर. यादीत पहिल्याच नंबरला भाडं आहे. आपण सही करतो, पीडीएफ ईमेलमध्ये पडून राहते आणि लक्षात फक्त ‘फुल इन्शुरन्स’ एवढंच राहतं.

आता कायद्याचं थोडं सांगतो. हे सगळं मी गेल्या आठ महिन्यांत नाईलाजाने शिकलोय.

भावाला, मित्राला, शेजाऱ्याला फुकट गाडी दिली आणि त्याच्याकडे वैध लायसन असेल तर पॉलिसी चालते. खाजगी कारची पॉलिसी एकट्या मालकाच्या हातापुरती नसते. मित्राने परत देताना टाकी भरून दिली तर त्याला कुणी शहाणा माणूस भाडं म्हणणार नाही. पण दिवसाचा दर ठरला, पैसे घेतले, की चित्र बदलतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे प्रवासी वाहन म्हणून भाड्याने गाडी चालवायला परवाना लागतो. परवाना नसेल तर कलम १९२-अ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांचा दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. हे झालं आरटीओचं. विम्याचं दुखणं याहून मोठं आहे.

विम्याचे दोन भाग असतात. एक, आपल्या गाडीचं नुकसान. दुसरा, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, म्हणजे थर्ड पार्टी. हा दुसरा भाग कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे. मृत्यू किंवा इजा झाली तर थर्ड पार्टीच्या भरपाईला रकमेची मर्यादा नाही. किती द्यायचं ते मोटार अपघात दावा प्राधिकरण ठरवतं. जखमी माणूस किती कमवत होता, घरात किती खाणारी तोंडं, किती टक्के अपंगत्व, हे सगळं बघून. रक्कम पाच लाख होऊ शकते, पन्नास लाखही होऊ शकते.

मग इथे तरी कंपनी आपल्याला वाचवेल? कलम १५० मध्ये विमा कंपनीला काही मोजकेच बचाव दिलेत. त्यातला एक बचाव असा की गाडीला भाड्याचा परवाना नव्हता, पॉलिसीत भाड्याला मनाई होती आणि तरी ती भाड्याने वापरली. नेमकी माझी केस. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या अमृतपाल सिंग प्रकरणात परवान्याशिवाय रस्त्यावर आणलेल्या ट्रकबाबत सांगितलं की हा मूलभूत शर्तभंग आहे. कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, हा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. वकील मंडळी याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कंपनी दूधवाल्यांना पैसे देईल आणि मग माझ्या दारात येईल.

“पण गाडी मी चालवत नव्हतो!” असं तुम्ही म्हणाल, मीही म्हणालो. वकिलांनी शांतपणे आरसी बुकवर बोट ठेवलं. २०१८ च्याच नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात तर गाडी विकून हातोहात चौथ्या माणसाकडे गेली होती, तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक आणि तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. मी तर गाडी फक्त दोन दिवस दिली होती.

“आणि स्टॅम्प?” माझा पुढचा प्रश्न. पूर्वी शंभरचा होता, आता पाचशेचा झालाय. त्यावर आपण ठसक्यात लिहून घेतो, ‘अपघात झाल्यास संपूर्ण जबाबदारी गाडी घेणाऱ्याची राहील.’ हा कागद तुमच्या आणि त्या पोराच्या मध्ये आहे. दूधवाल्यांनी त्यावर सही केलेली नाही. प्राधिकरणावर तो बंधनकारक नाही. उलट, गाडी भाड्याने दिली होती याचा तुमच्याच सहीचा पुरावा म्हणून तो उपयोगी पडतो. मी पाचशे रुपये खर्चून माझ्याच विरुद्धचा पुरावा तयार करून कपाटात ठेवला होता.

परत एजंटकडे येतो. खोटं लिहायचं की नाही?

मी लगेच खरं लिहिलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. फॉर्म दोन दिवस टेबलावर पडून होता. पोरांचीही तयारी होती, “काका, आम्ही सांगतो फुकट नेली होती म्हणून.” हिशोब केला तर खोट्याने माझे पावणेतीन लाख वाचत होते. आणि सगळ्यात अवघड गोष्ट अशी की खरं लिहिलं तर कंपनीला थर्ड पार्टीतही बचाव मिळत होता. म्हणजे माझ्या खरेपणाचा फटका त्या दूधवाल्यांनाही बसला असता. मी मनाची समजूत घालत होतो की खोटं बोलणं त्यांच्याच भल्याचं आहे. खोटं बोलणाऱ्याला असं एखादं पुण्याचं कारण नेहमी सापडतं.

तिसऱ्या दिवशी सीपीआरला गेलो. दूधवाले मामा वॉर्डात होते, पायाला वजन बांधलेलं. त्यांची मंडळी उशाशी बसलेली. मला वाटलं, शिव्या पडणार. मामा म्हणाले, “गाडी तुमची व्हय? पोरं बरी हाईत न्हवं?” मग थोडं थांबून म्हणाले, “म्हशी दोन हाईत. धार ही काढती. पर डेअरीला घालायला कोण जाणार?”

मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं, एजंटची युक्तीसुद्धा. ती म्हणाली, “अहो, त्या माणसाचा पाय खरा मोडलाय. त्यावर आपण खोटा कागद कसा लावायचा? उद्या कोर्टात उघडं पडलं तर ना गाडी राहील ना तोंड.”

आणि ते उघडं पडणारच होतं. पोराने पैसे यूपीआयने पाठवले होते, खाली स्वतःच टाईप केलेलं, ‘गणपतीपुळे कार रेंट’. सर्व्हेअर येतो तेव्हा तो फक्त बंपर बघत नाही. पोलिसांचे जबाब बघतो, टोल बघतो, ग्रुपवरच्या जाहिरातीही बघतो. खोटी माहिती पकडली गेली तर अख्खा क्लेम फसवणूक म्हणून जातो आणि मग उरलीसुरली आशाही संपते. मी खरं लिहिलं. थोडं बायकोमुळे, थोडं मामांमुळे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर थोडं त्या यूपीआयमुळे.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं. दोन ओळी. वापराच्या मर्यादेचा भंग, दावा नामंजूर.

गाडी दुरुस्त करायला पतसंस्थेतून कर्ज काढलं. बँकेचा हप्ता चालूच आहे, कारण गाडी उभी असो की मोडलेली, बँकेला त्याचं सोयरसुतक नसतं. दिवसाला अठराशे रुपयांनी पावणेतीन लाख मिळवायला दीडशेच्या वर दिवस गाडी भाड्याने द्यावी लागली असती, तीही एकही ओरखडा न येता. कसबा बावड्याच्या कोर्टात मामांचा अर्ज दाखल झालाय. जाबदेणार तिघं : गाडी चालवणारा पोरगा, मी आणि विमा कंपनी. मामांचा पाय जुळलाय, पण लंगडतात. निकाल यायचाय. मी त्यांना सांगितलंय की माझ्यावर येईल ते मी देणार, पळणार नाही. दर महिन्याला थोडे थोडे पैसे नेऊन देतो. वकिलांच्या सल्ल्याने पावती घेतो, ते मला बरं वाटत नाही, पण घेतो.

आता कुणी म्हणेल, विमा कंपन्या लुटारूच. मीही काही दिवस असाच बडबडत होतो. पण मी हिशोबाचा माणूस, म्हणून आकडे मांडून बघितले. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या खाजगी कारचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये. तेवढ्याच इंजिनाची गाडी भाड्याने प्रवासी नेणारी असेल तर ७,९४० रुपये, वर प्रत्येक प्रवाशामागे ९७८. चार प्रवासी धरले तर ११,८५२. जवळजवळ साडेतीन पट. का? भाड्याची गाडी जास्त फिरते, अनोळखी हातात जाते, रस्ता माहीत नसलेला माणूस घाटात चालवतो. जोखीम जास्त, म्हणून हप्ता जास्त. मी ३,४१६ वाली जोखीम विकत घेतली आणि ११,८५२ वाली जोखीम चालवली. फरकाचे पैसे माझ्या खिशात राहिले. हे मान्य करायला जड जातं, पण खरं आहे.

रेल्वे स्टेशनसमोर आणि सीबीएसला जे पिवळ्या पाटीचे टॅक्सीवाले उभे असतात, त्यांचाही विचार करा. ते परवाना घेतात, फिटनेस करून घेतात, वेग नियंत्रक बसवतात, जादा हप्ता भरतात. आणि आम्ही पांढऱ्या पाटीवाले त्यांच्यापेक्षा स्वस्तात गिऱ्हाईक पळवतो. त्यांना राग येतो तो उगाच नाही.

म्हणून कंपनीचं सगळं बरोबर, असंही मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत, ते प्रत्येकाने लक्षात ठेवावेत. २००८ चा नितीन खंडेलवाल निकाल : खाजगी पॉलिसीची गाडी भाड्याने नेली आणि ती चोरीला गेली. न्यायालय म्हणालं की चोरीत वापराच्या शर्तीचा संबंध येत नाही, पूर्ण दावा नाकारता येणार नाही. २०१० चा अमलेंदू साहू निकाल : खाजगी पॉलिसीची गाडी भाड्याने दिलेली असताना अपघात झाला, तरीही न्यायालयाने दावा सपशेल फेटाळणं चूक ठरवलं. अशा दाव्यांत ‘नॉन स्टँडर्ड’ पद्धतीने, म्हणजे साधारण ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची पद्धत आहे. पण कंपनीचं पत्र तुम्हाला हे सांगत नाही. माझ्या पत्रातही नव्हतं. ते पत्र वाचून दहापैकी किती जण पुढे भांडत असतील?

भांडायचं असेल तर रस्ता असा आहे. आधी कंपनीच्याच तक्रार निवारण कक्षाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगाचा मार्गही आहेच. मी जूनमध्ये लोकपालाकडे अर्ज टाकलाय, वरचे दोन्ही निकाल जोडून. सुनावणी झाली की कळवीन, हरलो तरी कळवीन.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हे निकाल तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरते आहेत. थर्ड पार्टीचं ओझं त्यांनी हलकं होत नाही. २५ टक्के गेले तर माणूस सावरतो. तीस-चाळीस लाखांची वसुली आली तर घर जातं.

आणखी काही धोके, जे मला वकिलांनी आणि दोन गॅरेजवाल्यांनी सांगितले.

गाडी भाड्याने घेऊन परस्पर गहाण टाकणारे महाभाग आहेत. तुम्ही स्वतःच्या हाताने किल्ली दिलेली असते, म्हणून कंपनी म्हणू शकते की ही चोरी नाही, विश्वासघात आहे. कायद्यात हे दोन वेगळे गुन्हे आहेत आणि पॉलिसीत चोरी हा शब्द आहे.

आपल्याकडून गोवा जवळ. पोरं येताना डिकीत दारूचे बॉक्स भरून आणतात. उत्पादन शुल्कवाल्यांनी पकडलं तर मुद्देमालात गाडीही जाते. जप्तीला विमा नसतो. गाडी सोडवायला फेऱ्या मारायच्या मालकाने.

पॉलिसीत जो १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालक स्वतः चालवत असेल तेव्हाचा. भाड्याने नेणाऱ्या पोराला किंवा त्याच्या मित्रांना तो लागू नाही. कुणाच्या तरी घरातली चार पोरं तुमच्या गाडीत बसलेली असतात, एवढं लक्षात ठेवा.

“पण मी अॅपवर देतो, त्यांचं संरक्षण असतं,” असं काही जण म्हणतील. असेलही. पण ‘प्रोटेक्शन प्लॅन’ आणि विमा हे दोन वेगळे शब्द आहेत. चार प्रश्न लेखी विचारा. विमा कंपनीचं नाव काय आणि पॉलिसीला विमा नियामकाचा यूआयएन क्रमांक आहे का? थर्ड पार्टीला इजा झाली तर कोण भरणार? पहिले किती हजार माझ्या खिशातून? आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली तर तुमची पॉलिसी तिला मान्य करते का? गोलमोल उत्तर आलं तर किल्ली देऊ नका.

मग कायदेशीर मार्ग काय? इथेच खरी अडचण आहे आणि ही पोस्ट त्यासाठीच लिहितोय.

चालक ठेवून टूरिस्ट टॅक्सी करायची असेल तर मार्ग आहे. पाटी पिवळी करा, परवाना, कमर्शियल पॉलिसी, फिटनेस घ्या. पण गाडी सेल्फ ड्राईव्ह द्यायची असेल तर? गोव्यात तुम्ही काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं बघता, ती रेंट अ कॅबची गाडी. त्यासाठी केंद्राची १९८९ ची योजना आहे. त्या योजनेत परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असाव्यात अशी अट घातली गेली. पन्नास! मोठ्या भांडवलवाल्याला डोळ्यासमोर ठेवून केलेला नियम. तेव्हा मध्यमवर्गीयाच्या दारात एक गाडी उभी असेल आणि तो ती मोबाईलवरून आठवड्यातले दोन दिवस देईल, हे कुणाच्या डोक्यातही नसणार. आज ते घडतंय, पण नियम तिथेच आहे. एका गाडीच्या मालकाला कायद्याने वागायचं म्हटलं तरी दार उघडं नाही. मग तो मागच्या दाराने जातो, आणि मागच्या दाराला विमा नसतो.

कुणी म्हणेल, बंदच करा मग. ग्रुपवर धाडी टाका. टाकल्या तर दोन महिने ग्रुप शांत होतील आणि नवीन नावाने उघडतील. गाड्या फिरतच राहणार. रस्त्यावरच्या दूधवाल्याला त्याचा काय उपयोग?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने हा प्रश्न २०१० साली कायदा करून हाताळला. स्वतःची खाजगी गाडी एखाद्या सेवेमार्फत दुसऱ्याला दिली तर त्या काळापुरता विमा त्या सेवेने पुरवायचा, आणि तेवढ्यावरून मालकाची पॉलिसी रद्द करायची नाही, अशी विभागणी केली. तिकडचं सगळं इकडे चालत नाही हे मान्य. पण ‘कुठल्या तासाला कोण जबाबदार’ हे आधी लिहून ठेवायला काय हरकत आहे?

आपल्याकडेही अवघड नाही. विमा नियामकाने २०२२ मध्ये जेवढी गाडी चालवाल तेवढाच हप्ता, अशी अॅड-ऑन कव्हर द्यायला कंपन्यांना परवानगी दिली. किलोमीटर मोजता येतात तर भाड्याचे दिवस का मोजता येणार नाहीत? माझं म्हणणं एवढंच आहे :

एक. एक-दोन गाड्यांच्या मालकासाठी वेगळा, स्वस्त आणि ऑनलाईन परवाना असावा. वर्षातल्या ठराविक दिवसांची मर्यादा घाला, म्हणजे टॅक्सीवाल्यांच्या पोटावर पाय येणार नाही.

दोन. त्या दिवसांपुरतं भाड्याचं कव्हर विकत मिळावं. दिवसाला दोनशे-तीनशे जादा लागले तरी चालतील. मी आनंदाने भरले असते.

तीन. असं कव्हर असल्याशिवाय कुठल्याही अॅपवर गाडी चढूच नये.

चार. पॉलिसीच्या पहिल्या पानावर, मराठीत, ठळक अक्षरांत एक ओळ छापा : ‘ही गाडी भाड्याने दिल्यास विमा मिळणार नाही.’ सिगारेटच्या पाकिटावर चित्र छापता, इथे एक ओळ छापा.

आपले आमदार-खासदार ही पोस्ट वाचतील का माहीत नाही. त्यांचे कार्यकर्ते वाचतात हे मला ठाऊक आहे. सुट्ट्यांत कोकणाकडे जाणाऱ्या घाटांत पांढऱ्या पाटीच्या भाड्याच्या किती गाड्या चालल्यात, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तोवर माझं ऐका. आज रात्री जेवण झाल्यावर मोबाईलमधली पॉलिसी उघडा आणि ‘वापराच्या मर्यादा’ शोधा. दोन मिनिटं लागतात. गाडी उभी आहे म्हणून नुकसान होतंय असं वाटत असेल तर ती विका, छोटी घ्या, नाहीतर रविवारी बायकोपोरांना घेऊन पन्हाळ्याला जा. पण भाड्याचं कव्हर मिळेपर्यंत अनोळखी हातात किल्ली देऊ नका. आणि कुणी आधीच दिली असेल, अपघात झाला असेल, तर घाबरून खोटं लिहू नका. माझ्याशी बोला. मी वकील नाही, पण कुठला कागद कुठे लागतो ते आता मला पाठ झालंय.

काल मामांकडे गेलो होतो. एक म्हैस विकली म्हणाले. दोन्हीचं आता होत नाही. चहा झाल्यावर निघताना म्हणाले, “गाडी नीट झाली का तुमची?”

झाली, म्हणालो. दुसरं काही बोलता आलं नाही.